पॅनवरचा हुकूम

"हात पुढं करा, म्याडम," आप्पालाल मुजावर म्हणाले, आणि मी हो-नाही म्हणायच्या आत त्यांनी पितळी सळईच्या टोकाला आलेला गरम रस माझ्या अंगठ्यावर टेकवला. "आता बोट लावा त्येला. हां. हळू उगडा."

मी अंगठा आणि बोट सावकाश लांब केलं. मध्ये मधाच्या रंगाची तार निघाली, जेमतेम अर्धा इंच ताणली आणि तुटली.

"लाडवाचा पाक," मी म्हणाले. "एकतारी व्हायचाय अजून."

"बराबर वळखलंसा. आजून कच्चा हाय. तार इंचभर गेली की दाना धरायचा. तवर तुमचं कागद हितं ठेवा आन त्या स्टुलावर बसा."

मी बसले. सरकारच्या वतीनं जबाब घ्यायला आलेली आयकर अधिकारी मी, आणि हा एकसष्ट वर्षांचा माणूस मला बस म्हणाला तर बसले. ही एकोणीसशे अठ्ठ्याण्णव सालच्या जानेवारीतली गोष्ट. वारणेच्या खोऱ्यातला एक साखर कारखाना. नाव सांगत नाही. तिसऱ्या मजल्याएवढ्या उंचीवर पॅनची फरशी होती. पॅन म्हणजे खोलीएवढी लोखंडी हंडी, तिच्यात उसाचा रस आटवून साखरेचा दाणा तयार करतात. उकाडा असा की माझी फाइलसुद्धा घामेजली होती, आणि गोड वास तर इतका की दहा मिनिटांत नाकाला त्याचं काही वाटेनासं झालं.

मी पाक चाखायला आले नव्हते. पगार देणाऱ्यानं पगारातून आणि ठेक्याचं बिल देणाऱ्यानं बिलातून सरकारचा कर आधीच कापून भरायचा असतो. तो नीट कापला जातो की नाही हे बघणं माझं काम. ठेकेदाराच्या बिलातून शेकडा दोन कापले की कारखाना मोकळा. नोकर म्हटलं की पगाराचा हिशेब वेगळा, आणि त्याच्या मागोमाग भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजा असं सगळं वऱ्हाड येतं. म्हणून खऱ्या नोकराला कागदावर ठेकेदार करून टाकायची खोड पुष्कळांना असते.

या कारखान्याच्या ठेकेदारांच्या यादीत तोडणीचे मुकादम होते, ट्रकवाले होते, कँटीनवाला होता, आणि मध्येच एक नाव होतं: आप्पालाल बाबालाल मुजावर, पॅन विभाग. एकोणीस हंगाम. हाताखाली माणूस नाही, स्वतःचं यंत्र नाही, रोज एकाच जागी हजर. "ठेकेदार कसला डोंबलाचा!" मी माझ्या इन्स्पेक्टरला म्हणाले होते. ऑफिसातून निघतानाच माझा निकाल लागलेला होता, जबाब तेवढा व्हायचा होता.

खरं सांगायचं तर मला थोडं पुण्यही पदरात पाडून घ्यायचं होतं. आप्पालालनी 'मी कारखान्याच्या हुकमात काम करतो' एवढं लिहून दिलं असतं, तर तो कागद घेऊन ते कामगार न्यायालयात जाऊ शकले असते आणि एकोणीस वर्षांचा निधी, ग्रॅच्युइटी मागू शकले असते. त्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता. आणखी किती हंगाम उभे राहणार? त्यांचं म्हातारपण माझ्या फाइलीत होतं आणि त्याला फक्त त्यांची एक सही हवी होती. मी एकोणतीस वर्षांची होते. त्या वयात माणसाला दुसऱ्याचं भलं करायची फार घाई असते.

कारखान्याचे कार्यकारी संचालक शिंत्रे साहेब माझ्याबरोबर वर आले होते. पंचेचाळिशीचा, हळू बोलणारा माणूस. जिना चढताना एवढंच म्हणाले, "काय विचारायचं ते विचारा, मॅडम. पण ते ठेकेदारच आहेत."

"ते मी ठरवीन," मी म्हणाले. उचलली जीभ लावली टाळ्याला.

पॅनच्या काचेतून आत उकळणारा तांबूस रस दिसत होता. आप्पालाल एक हात वाफ कमीजास्त करणाऱ्या चाकावर ठेवून उभे होते. मिनिटा-दोन मिनिटांनी सळई आत घालायचे, फिरवून बाहेर काढायचे, रस बोटावर घेऊन तार ओढायचे. बघायचे मात्र दुसरीकडेच, भिंतीकडे. तीन-चार वेळा तार ओढून झाली आणि त्यांचा सगळा चेहरा बदलला. त्यांनी चाक थोडंसं फिरवलं आणि पिठीसाखरेची पातळ पेज भरलेली एक वाटी, दुधाला विरजण लावावं तशी, पॅनला जोडलेल्या नळीत ओतली. एवढ्या मोठ्या हंडीला एवढीशी वाटी! मला हसू आलं.

तेवढ्यात शिंत्रे साहेब लगबगीनं आले. त्यांना खालून फोन आला होता. "चाचा, बॉयलरचं प्रेशर पडतंय, जरा लवकर..."

आप्पालालनी मागं वळूनही बघितलं नाही. फक्त डावा हात वर केला. आणि पंधराशे माणसांचा तो वरिष्ठ वाक्याच्या मध्यावर थांबला. दोन मिनिटं तसाच उभा राहिला. हात खाली आला तेव्हा आप्पालाल म्हणाले, "बोला, सायेब."

"काही नाही," शिंत्रे म्हणाले.

हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, पण लिहून घेतलं नाही. मला जे सापडायला हवं होतं त्यात ते बसत नव्हतं.

"या आता," आप्पालालनी मला बोलावलं. सळईवरचा थेंब त्यांनी काचेच्या पट्टीवर पसरला, दिव्यासमोर धरला आणि खिशातलं भिंग माझ्या हातात दिलं. मला पाकाशिवाय काही दिसलं नाही. त्यांनी मिनिटभर थांबून दुसरा थेंब घेतला. त्यात काहीतरी चकाकल्यासारखं वाटलं. तिसऱ्या थेंबात दाणे होते. डोळ्याला न दिसणारे, भिंगाखाली मात्र कोरून काढल्यासारखे, आणि सगळे एका मापाचे. एक लहान नाही, एक मोठा नाही. तीन मिनिटांपूर्वी तिथं नुसता रस होता. त्या अख्ख्या हंडीत कोट्यवधी दाणे एकदम उभे राहिले होते, आणि ते उभे राहायची वेळ एका माणसाच्या दोन बोटांना आधी कळली होती. माझ्या अंगावर काटा आला. देवळात जाऊन मला कधी असं झालेलं नाही.

"चाचा, हे कसं कळतं?"

"कळतंय," ते म्हणाले. "आता ह्यो दाना तीन तास वाडवायचा. मदनं मदनं मी उटणार. तुमचं चालू द्या."

फरशीच्या कोपऱ्यात काचेची केबिन होती. तिथं आम्ही बसलो. मी, आप्पालाल आणि बाजूच्या खुर्चीत शिंत्रे. प्रश्न ठरलेले होते. कामाची वेळ कोण ठरवतं? कारखान्याचा भोंगा. सळई कोणाची? कारखान्याची. भिंग तेवढं त्यांचं स्वतःचं. आपल्याऐवजी दुसऱ्या माणसाला पाठवता येतं का?

"कुनाला पाठवू?" त्यांनी मलाच विचारलं.

हंगामात दुसऱ्या कारखान्यात काम करता का? नाही. नफा-तोटा तुमचा असतो का? नाही. दर दहा मिनिटांनी ते उठत होते, सळई, तार, चाक, आणि परत येऊन त्याच शब्दापासून बोलू लागत होते. अकरा प्रश्नांची अकरा उत्तरं माझ्या मनासारखी पडली. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, अशी माझी गत झाली होती. आता फक्त शेवटचा, सगळ्यांत मोठा प्रश्न उरला होता. नोकर कोण आणि ठेकेदार कोण हे ज्या एका गोष्टीवर कायदा मुख्यतः तोलतो, तो.

"प्रश्न बारावा. पॅनवर तुम्ही कोणाच्या हुकमानं काम करता?"

"कुनाच्याच न्हाई."

मी पेन खाली ठेवलं. शिंत्रे साहेबांकडे बघितलं तर ते खाली फरशीकडे बघत होते. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला: पढवलंय यांना. "साहेब, आपण जरा बाहेर थांबता का?" मी म्हणाले. ते लगेच उठून गेले. दार लावून घेतलं त्यांनी.

"चाचा, कोणी दम दिलाय का तुम्हाला? पुढच्या हंगामाला घेणार नाही, असं काही?"

"मला कोन दम देतंय?"

"मग नीट ऐका. हे एक उत्तर असंच राहिलं तर तुम्ही ठेकेदार ठरता आणि सगळं बुडतं. त्याऐवजी 'साहेबांच्या हुकमानं' एवढं म्हणा. एकोणीस वर्षांचा फंड, ग्रॅच्युइटी, सगळं मागता येईल तुम्हाला. हक्काचं आहे."

"माजा ल्योक बी ह्येच म्हंतो," ते म्हणाले. "वकिलाकडं बी जाऊन आलाय."

"मग अडलं कुठं?"

"खोटं हाय न्हवं, म्याडम, त्ये."

मला राग आला. आपण कोणाचं भलं करायला जावं आणि त्यानंच दार लावून घ्यावं, असा तो राग. मी फाइलीतून त्यांचा करार काढला. "हे बघा. कलम सात. 'पॅनवर ठेकेदारास कोणीही हुकूम देणार नाही.' दरवर्षी हेच. कर चुकवायला हे कोणा हुशार वकिलानं घातलंय, ते आम्हाला कळत नाही असं वाटतं का?"

"वकील कुटला? त्ये म्या घातलंय."

चौथी शिकलेला माणूस. ते उठले, पॅनकडे जाऊन आले आणि बसले.

"आदी मी मस्टरवरच हुतो," ते सांगू लागले. "एकोनऐंशी साल. असाच पॅन लागल्याला. तार जरा ज्यादा गेलती. मी म्हनलं, पानी मारू, खाली आनू, मंग दाना धरू. केमिस्ट म्हनला, न्हाई, आत्ताच धर, खाली पावनं आल्यात, चेअरमन त्यास्नी पॅन दावनार हायत. मी म्हनलं, सायेब, खोटा दाना पडंल. त्यो म्हनला, हुकूम हाय माजा."

"मग?"

"मंग काय. धरला."

"खोटा दाणा म्हणजे?"

"मागनं नको तितं नवं बारीक दानं उटत्यात. समदी खिचडी. मशिनीत साखर सुटंना, मळी गळंना. साट टन माल. चौकशी बसली. कागदावर आलं, पॅनमनच्या हलगर्जीपनामुळं. नाव काडलं मस्टरवरनं."

"आणि तो केमिस्ट काय म्हणाला चौकशीत?"

"कायबी न्हाई. नवाच लागल्याला. पोरगंच हुतं. त्येला बी नोकरी हुती."

तीन आठवड्यांनी कारखान्याची जीप त्यांच्या दारात उभी राहिली. नव्या पॅनमनांच्या हातून दाणा धरवेना, गाळपाला आलेला ऊस कारखान्याच्या गव्हाणीत वाळत चाललेला. यांनी एकच अट घातली: येतो, पण पॅनवर मला कोणी हुकूम द्यायचा नाही. लेबर ऑफिसर डोक्याला हात लावून बसला. हुकूम न घेणारा माणूस मस्टरवर बसवायचा कसा? मस्टरच मुळी हुकमाचं.

"मी म्हनलं, जितं बसतोय तितं बसवा," आप्पालाल म्हणाले. "त्येनं ठेकेदार लिवलं. फंड जाईल म्हनला, म्हातारपनी हातात काय ऱ्हानार न्हाई म्हनला. समदं सांगितलं त्येनं, खोटं कशाला बोलू. मी म्हनलं, जाऊ द्या."

"साठ टनांसाठी एवढं?"

"तसं न्हवं. केमिस्टाचं सोडा. माजं बोट सांगत हुतं न्हाई म्हनून, आन म्या हुकूम ऐकला. चूक माजी. पुन्यांदा ती नगं हुती." हे अगदी साधं बोलावं तसं ते बोलले, आणि उठून परत सळई घालायला गेले.

मी केबिनमध्ये एकटी बसून राहिले. नोकर आणि ठेकेदार यांतला फरक मी दोनशे पानांतून शिकले होते. न्यायाधीशांनी त्यावर केवढा काथ्याकूट केलेला. आणि या माणसानं तो फरक एका अटीत सांगून टाकला होता, वर त्याची पुरी किंमतही एकोणीस वर्षं मोजली होती. ज्याला मी पळवाट समजले, तो त्या सगळ्या करारातला एकच खरा शब्द होता. मला माझी लाज वाटली. आणि त्या काचेपलीकडच्या पाठमोऱ्या माणसाबद्दल जे वाटलं त्याला आदर हा शब्द अपुरा आहे. मी कागद ओढला आणि बाराव्या प्रश्नापुढं लिहिलं: कुणाच्याच नाही. माझी केस तिथंच संपली. वरून खुलासा मागवला जाणार हे दिसत होतं, आणि पुढं मागवलाही गेला.

ते परत आल्यावर मी जबाब वाचून दाखवला. त्यांनी मान डोलावली. मग म्हणाले, "आजून येक लिवायचं ऱ्हायलं."

"सांगा."

"एकोनऐंशीचा पॅन माज्या हातानं बिगडला, पर माज्या मनानं न्हाई. दाना हुकमानं धरला हुता."

"कोणाच्या हुकमानं? नाव सांगा."

"नाव नगं."

"चाचा, नावाशिवाय या वाक्याला काडीची किंमत नाही."

"मला हाय की," ते म्हणाले. "हलगर्जीपना लिवलेला कागद हाय त्यांच्या कपाटात. गावात अजून म्हंत्यात, पॅन घालवलेला आप्पालाल. दुसरा कागद कुनी केलाच न्हाई. तुमी सरकारचं हायसा. तुमच्या कागदावर असू द्या."

करकपातीच्या जबाबात असल्या वाक्याला जागा नसते. मी ते जसंच्या तसं लिहिलं. त्यांनी एकेक अक्षर जोडत सही केली. खाली साक्षीदाराची सही लागते, म्हणून मी दार उघडून शिंत्रे साहेबांना आत बोलावलं.

त्यांनी उभ्याउभ्याच वाचायला सुरुवात केली. बारावा प्रश्न वाचताना चेहऱ्यावर काही हललं नाही. खरं तर कारखाना सुटला होता. दुसरा कोणी असता तर हसला असता. मग ते शेवटच्या वाक्यापाशी आले. ते त्यांनी किती वेळा वाचलं कोण जाणे. खुर्ची ओढून ते बसले आणि म्हणाले, "पेन देता?"

मला वाटलं, सही करतायत. पण पेन पुष्कळ वेळ चालत राहिलं. मग त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला.

"काय लिवलं सायबांनी?" आप्पालालनी विचारलं. "माज्या डोळ्याला बारीक अक्षार दिसत न्हाई."

मी मोठ्यानं वाचलं. "'तो हुकूम मी दिला होता. मुजावर यांनी तेव्हाच हरकत घेतली होती. चौकशीत मी गप्प राहिलो.' आणि खाली सही. शिंत्रे, तेव्हाचे सहायक केमिस्ट."

शिंत्रे माझ्याकडे वळून म्हणाले, "करारावर हल्ली माझीच सही असते, मॅडम. कलम सात दरवर्षी मी वाचतो." मग त्यांनी आप्पालालकडे बघायचा प्रयत्न केला आणि त्यांना ते जमलं नाही.

आप्पालाल म्हणाले, "ठावं हाय मला." बस्स, एवढंच.

त्या ओळीचा कोर्टात किती उपयोग झाला असता, मला ठाऊक नाही. मी त्यांना प्रत दिली होती. ती घेऊन ते कुठल्याही कोर्टात गेले नाहीत. मुलाला आणि भावकीतल्या चार जणांना वाचून दाखवली, असं नंतर कानावर आलं.

मी कागद गोळा करत होते. आप्पालाल उठून पॅनपाशी गेले. सळई फिरवून काढली, थेंब काचेवर घेतला, दिव्यासमोर धरला. आता दाणे भिंगाशिवायही दिसत असणार. पॅनच्या बुडाचं दार उघडणाऱ्या लिव्हरवरचा माणूस त्यांच्या खुणेची वाट बघत तयार उभा होता. त्यांनी खूण केली नाही. वळले आणि केबिनच्या दारात आले.

"सायेब," ते म्हणाले, "पॅन तयार हाय. सोडू का?"

लिव्हरवरचा माणूस वळून बघायला लागला. पलीकडच्या पॅनवरचे दोघं बघायला लागले. शिंत्रे साहेब उभे राहिले.

"चाचा, मला विचारताय?"

"तुमालाच."

"सोडा," शिंत्रे म्हणाले. ते उघडउघड रडत होते.

आप्पालालनी हात खाली केला. लिव्हर पडला आणि तो गरम, दाणेदार माल खालच्या टाकीत असा कोसळला की पायाखालची फरशी हादरली. जबाब माझ्या हातातच होता, सह्यांची शाई अजून ओली. बारावा प्रश्न मी पुन्हा विचारला नाही.